अर्ज परत देणारे प्राचार्य

ख्रिस्ती धर्मविज्ञानाच्या त्या लहानशा महाविद्यालयात प्राचार्यांना तोंडावर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘पोस्टमास्तर’. हे दुसरे नाव त्यांना ठाऊक होते. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांची पत्रे ज्यांची त्यांना परत पोचवणारा माणूस दुसरे कोण असणार, असे ते स्वतःच म्हणत. मी तेथे आठवड्यातून दोन दिवस समाजशास्त्र शिकवीत असे. पुढे सांगतो आहे त्यातले बरेचसे मी पाहिलेले आहे. उरलेले प्राचार्यांच्या थोरल्या बहिणीकडून ऐकलेले आहे. वसतिगृहाचे स्वयंपाकघर त्या सांभाळत आणि सगळे त्यांना ताई म्हणत.

महाविद्यालयाची इमारत म्हणजे बियाण्यांचे एक जुने गोदाम. त्यात मोठी खोली एकच. सकाळी बाके पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून मांडली की ते प्रार्थनामंदिर होई. साडेआठ वाजता तीच बाके फळ्याकडे फिरवली की वर्ग भरे. बाके सगळ्यांनी मिळून फिरवायची. पाय मोडलेले शेवटचे बाक मात्र प्राचार्य दुसऱ्या कोणाला उचलू देत नसत. “त्याचा स्वभाव मलाच कळतो,” ते म्हणत. पाच विषय तेच शिकवत, घंटा तेच देत आणि पंपाचे वायसरही तेच बदलत. ग्रंथालयातली पुस्तके परदेशांतल्या बंद पडलेल्या चर्च-मंडळ्यांनी पेट्या भरभरून पाठवलेली होती. हिवाळ्यात प्रार्थनामंदिरे उबदार कशी ठेवावीत, या विषयावरील एकाच पुस्तकाच्या त्यात सात प्रती होत्या. पत्र्याच्या छपराखाली घामाने थबथबून शिकणाऱ्यांना त्यांचा उपयोग एवढाच, की फळा त्यांच्यावर नीट टेकत असे.

विद्यार्थीही या इमारतीला साजेसेच होते. एक परिचारिका, एक शिंपी, एक पहारेकरी, शेतमजुरी केलेले तिघे-चौघे. पदवी कोणाचीच नव्हती. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात पदवीवाचून प्रवेश नव्हता आणि तेथले शिक्षणही परक्या भाषेत चाले. म्हणजे या माणसांना पाळक, मंडळीचे धर्मगुरू, व्हायचे असेल, तर हे गोदाम हाच एक रस्ता होता. प्राचार्य त्यांना अहो-जाहो करीत. उद्या ज्याला मंडळीसमोर उभे राहायचे आहे त्याला आज अरे-तुरे केले, तर तोही उद्या मंडळीला अरे-तुरेच करील, असे त्यांचे म्हणणे होते.

आता त्या पत्रांविषयी. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने अर्ज लिहावा लागे: मला देवाचे पाचारण झाले आहे असे मला का वाटते. दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या सोमवारी, उपासनेनंतर, तो अर्ज प्राचार्य ज्याचा त्याला परत देत; याला सगळे ‘वापसी’ म्हणत. एकान्तात तो वाचायचा. अजूनही तसेच वाटत असेल तर खाली पुन्हा सही करून तारीख घालायची आणि बुधवारी दुपारी बारापर्यंत ग्रंथालयातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो टाकायचा. तसे वाटत नसेल तर अर्ज आपल्याजवळ ठेवायचा. त्याला कोणी काही विचारीत नसे. गुरुवारी सकाळी ताई डबा बांधून देत आणि प्राचार्य त्याची ट्रंक स्वतःच्या खांद्यावरून बसथांब्यापर्यंत पोचवीत. सतरा वर्षांत तेवीसजण असे परत गेले होते. विद्यार्थ्यांवाचून तहानलेल्या संस्थेने दरवर्षी स्वतःहून दार उघडून धरावे, हा प्रकार आम्हा शिक्षकांना वेडेपणाचा वाटे. पण दूरदूरच्या मंडळ्यांत एक गोष्ट बोलली जाई, की या गोदामातून आलेला पाळक पळून जात नाही.

या प्रथेचे मूळ प्राचार्यांच्या स्वतःच्या अर्जात होते. त्यांची आई आजारी असताना त्यांच्या वडिलांनी देवाला वचन दिले होते: ही वाचली तर मुलगा तुझा. आई वाचली. मुलगा अठरा वर्षांचा झाला, तेव्हा वडिलांनी अर्ज लिहिला आणि त्याने सही केली. पुढे तोच मुलगा प्राचार्य झाला आणि एके दिवशी कपाट आवरताना तो अर्ज त्याच्या हाती आला. भाषा सुरेख होती, अक्षर वडिलांचे होते, आणि आपल्याला हे कोणी कधी विचारलेच नाही, असे त्याला वयाच्या चाळिशीत प्रथमच जाणवले. त्याने तीन दिवस घेतले. मग कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. अवघ्या पाच ओळींचा. त्या वर्षीपासून विद्यार्थ्यांच्या अर्जांबरोबर प्राचार्यांचाही अर्ज त्या डब्यात पडू लागला.

अठराव्या वर्षी मंडळ्यांच्या मध्यवर्ती समितीचे पत्र आले. बारापेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्था वर्षअखेर शहरातल्या महाविद्यालयात विलीन करण्यात येतील. गणनेसाठी निरीक्षक अमुक सोमवारी येतील. विद्यार्थी नेमके बारा होते. आणि गणनेचा सोमवार होता वापसीच्या सोमवारानंतर बरोबर एका आठवड्याने.

ताई पालेभाजी निवडीत होत्या. त्यांनी पत्र वाचून घेतले आणि पुन्हा देठ मोडू लागल्या.

“एक आठवडा पुढे ढकल. जग बुडतंय का एका आठवड्यानं?”

“तारीख ठरलेली आहे, ताई.”

“कुणी ठरवली? तूच ना? दगडाच्या पाट्यांवर थोडीच कोरून आलीय!”

“ढकलली तर का ढकलली ते सांगावं लागेल.”

“नको सांगूस.”

“मग तो सापळा झाला. बाराजणांना आत कोंडायचं, मोजायचं आणि पाहुणे गेले की कडी काढायची.”

“तुला बरे शब्द सुचतात रे बसल्या जागी. बारा शिष्य म्हटले की एक फुटायचाच, हे तुला मी सांगू? तूच शिकवतोस ना ते वर्गात?”

प्राचार्य मोठ्याने हसले. “फुटू दे. पण मुलांना या आकड्यातलं एक अक्षर कळता कामा नये. त्यांनी आपल्यापुरतं ठरवायचं.”

“माझ्या तोंडाला काय कुलूप घालू आता?” ताई म्हणाल्या.

हा होकार आहे असे प्राचार्यांनी धरले. ताईंनी शब्द दिला नव्हता. ही गोष्ट ताईंच्या बरोबर लक्षात राहिली.

सोमवारी उपासना झाली आणि प्राचार्यांनी एकेकाला अर्ज दिले. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यासमोर ते नेहमीपेक्षा क्षणभर जास्त थांबले. हा मनुष्य एकोणचाळीस वर्षांचा, पूर्वी बसवर कंडक्टर होता आणि सगळे त्याला त्याच नावाने हाक मारीत. बाके फिरवताना “पुढे सरका, पुढे सरका, मागं जागा आहे!” असा त्याचा पुकारा झाल्याशिवाय बाक हलत नसे. आजाऱ्याच्या घरी भेटीला त्याला पाठवले, की दहा मिनिटांत ते घर बोलते होई. प्राचार्यांचा त्याच्यावर जीव होता. फक्त सरावाचे प्रवचन करायला तो उभा राहिला, की त्याचा आवाज आत जाई आणि उजवा हात खांद्यावर नसलेली तिकिटांची पिशवी चाचपू लागे.

त्याच संध्याकाळी प्राचार्य ग्रंथालय बंद करायला गेले, तर डबा भरलेला होता. त्यांनी अर्ज मोजले. बारा. प्रत्येकाखाली ताजी सही, ताजी तारीख. ताई सांगतात, की डबा मांडीवर घेऊन तो लहान मुलासारखा हसत बसला होता. मग हळूहळू हसू मावळले. सतरा वर्षांत सोमवारी संध्याकाळी त्या डब्यात दोनांपेक्षा जास्त अर्ज कधी पडले नव्हते. माणसे मंगळवारची रात्र तळमळत काढीत, बुधवारी जेवणाच्या घंटेआधी धावत येत. या वेळी बाराही जणांना एका दिवसातच देवाचे म्हणणे समजले होते.

ते स्वयंपाकघरात गेले.

“ताई, तू सांगितलंस?”

“वाढताना निघून गेलं तोंडातून.”

“काय निघालं?”

“इतकंच, की तुमच्यातला एक जरी गेला तर हे दार बंद. सरांना तेवढं सांभाळा म्हटलं.” ताईंनी पदराने कपाळ पुसले. “आणि चुकले असेन तर असू दे. तू दारं उघडी ठेवत बस. दारापाठीमागे घर राहायला नको का?”

ताईंचा प्रश्न खोटा नव्हता, आणि प्राचार्यांना तो खोटा पाडायचाही नव्हता. संस्था चालवणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो: ज्यासाठी घर बांधले ते वाचवावे, की घर वाचवावे? बहुतेकजण घर वाचवतात. आपण तेच केले हे त्यांना फार उशिरा कळते, पुष्कळांना कळतही नाही.

मंगळवारी सकाळी बाके फिरवून झाल्यावर ते डबा घेऊन फळ्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी सगळे अर्ज पुन्हा ज्याचे त्याला वाटले.

“तुमचे आभार मानतो,” ते म्हणाले. “पण हे अर्ज तुम्ही माझ्यावर दया करून भरले आहेत. या छपरासाठी कोणी पाळक होऊ नये. छप्पर तुमच्याबरोबर गावोगाव येणार नाही. तिथे तुम्ही एकटे असाल. उद्या बारापर्यंत वेळ आहे. आकडा विसरा.”

“सर, ऐकलेलं विसरायचं कसं?” परिचारिकेने विचारले.

“ते मलाही शिकवता येत नाही,” प्राचार्य म्हणाले. “प्रयत्न करा. आणि ताईंना कोणी बोल लावू नका. जेवायचं तिथंच आहे.”

वर्ग हसला. कंडक्टर तेवढा हसला नाही.

बुधवारी डब्यात विद्यार्थ्यांचे अकरा अर्ज होते. प्राचार्यांनी आपला त्यात टाकला आणि ते पंपाकडे गेले. तेथे कंडक्टर अर्जाची घडी हातात धरून उभा होता.

“काही विचारायचं नसतं, हे मला माहीत आहे, सर. पण मला सांगायचंय.”

“सांगा. तो पाना द्या आधी.”

“घाटात आमच्या गाडीचे ब्रेक गेले होते. बत्तीस माणसं. मी देवाला म्हटलं, वाचव, मी तुझा होईन. गाडी थांबली.”

“अर्जात आहे ते.”

“अर्जात एक गोष्ट नाही, सर. गाडी थांबवली ड्रायव्हरनं. दगडांच्या ढिगाऱ्यात घातली त्यानं शिताफीनं. तो अजून तीच गाडी चालवतोय. आणि पाळक व्हायला निघालो मी!”

प्राचार्यांच्या हातातला पाना थांबला. हसावे की नाही हे त्यांना कळेना. मग दोघेही हसले.

“मला माणसं आवडतात,” कंडक्टर म्हणाला. “म्हातारीला हात धरून चढवायचं, रडणारं पोर कुणाच्या तरी मांडीवर द्यायचं. ते मला येतं. शास्त्र उघडून उभा राहिलो की वाटतं, हे सगळे लोक उतरणार कधी? सोमवारी मी सही केली ती तुमच्याकडे बघून. काल रात्री कागद पुन्हा वाचला. सर, मी भीतीच्या भरात शब्द दिला होता. देव काय तो धरून बसला असेल?”

“माझ्या वडिलांनीही असाच दिला होता,” प्राचार्य म्हणाले, “आणि तोही माझ्या जिवावर. देवानं तो धरला की नाही मला माहीत नाही. मी मात्र बावीस वर्षं धरून बसलो होतो.” मग त्यांनी वायसर बसवला, हात पुसले आणि विचारले, “ट्रंक जड आहे का फार?”

“मी नेतो, सर. मला सवय आहे सामानाची.”

“ते माझं काम आहे. तेवढं राहू द्या माझ्याकडे.”

गुरुवारी सकाळी ताईंनी भावाशी एक शब्द न बोलता डबा बांधला. एकाऐवजी दोन डबे बांधले. त्यातला एक घाटातल्या त्या ड्रायव्हरसाठी होता.

सोमवारी निरीक्षक आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, चष्म्याची दोरी गळ्यात, बोलणे मोजके. हजेरीपट त्यांनी बाजूला सारला. “पटावर कोणीही कोणाचंही नाव घालतं. मला अर्ज दाखवा, स्वतःच्या सहीचे.” प्राचार्यांनी बिस्किटांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि तेवढ्यात तासाची वेळ झाली म्हणून ते घंटा द्यायला गेले.

परत आले तेव्हा बाईंनी टोपण लावून पेन खाली ठेवले होते. ताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

“बारा,” बाई म्हणाल्या. “पुरेसे आहेत. मी तक्त्यात लिहिलं.”

प्राचार्यांना उलगडा व्हायला क्षणभर लागला. ताईंना तो आधीच झाला होता. कपबशी वाजू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती आणि त्या भावाकडे बघत होत्या. ती नजर धमकीची होती आणि विनवणीचीही.

“अकरा आहेत,” प्राचार्य म्हणाले.

“मी तीनदा मोजले. बेरीज-वजाबाकी चुकायचं माझं वय झालं नाही अजून.”

“मोजणी बरोबर आहे. बारावा अर्ज माझा आहे.”

ताईंनी डोळे मिटले.

बाईंनी डबा पुन्हा ओढला आणि तो कागद शोधून काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला, आणि पाच ओळींच्या खाली एकाखाली एक सह्यांची रांग. त्यांनी पेनाच्या टोकाने त्या मोजल्या. अठरा.

“तुम्ही दरवर्षी प्रवेश घेता?”

“दरवर्षी अर्ज करतो. आतापर्यंत मिळत आलाय.”

“आणि एखाद्या वर्षी सही करावीशी वाटली नसती तर?”

“तर माझी ट्रंक थांब्यापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न होता. ताईंची पाठ दुखते.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “बारावा विद्यार्थी कुठे गेला?” प्राचार्यांनी सांगितले. वापसी काय असते तेही सांगितले. आपली बाजू मांडावी म्हणून नव्हे, प्रश्नच तसा होता म्हणून. बाईंनी ते ऐकून घेतले आणि लिहिलेल्या तक्त्याकडे पाहिले.

“खाडाखोड केलेला तक्ता मी आयुष्यात पाठवलेला नाही,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य दोन्ही बाजूंनी घेता आले असते. मग बाईंनी पिशवीतून कोरा तक्ता काढला आणि पहिल्या रकान्यापासून, इमारतीच्या लांबी-रुंदीसकट, सगळा पुन्हा लिहायला घेतला. तासभर लागला. विद्यार्थिसंख्येपाशी त्यांनी लिहिले: अकरा. शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहिले आणि तो भाग हाताने झाकून ठेवला, परीक्षेत मुले झाकतात तसा. जाताना ताईंना म्हणाल्या, “चहा गार झाला माझ्यामुळे.”

“तुमच्यामुळे नाही हो,” ताई म्हणाल्या. “आमच्या घरात चहा गार करणारा माणूस वेगळा आहे.”

त्या रात्री बहीणभाऊ पुन्हा बोलू लागले. म्हणजे ताई बोलल्या आणि प्राचार्यांनी ऐकले. पुष्कळ ऐकले.

दीड महिन्याने समितीचे पत्र आले. विलीनीकरण एक वर्ष स्थगित. कारण दिलेले नव्हते. शेवटी एक ओळ होती: पुढील वर्षी गणना झाल्यावरच अर्ज परत करण्याचा कार्यक्रम ठेवणे संस्थेच्या हिताचे ठरेल. प्राचार्यांनी समितीचे मनापासून आभार मानले आणि कळवले, की गणना कोणत्याही दिवशी व्हावी, हरकत नाही. अर्ज तिसऱ्या सोमवारीच परत दिले जातील.

“एक वर्ष,” ताई म्हणाल्या. “आणि पुन्हा हाच खेळ.”

“हाच,” प्राचार्य म्हणाले.

कंडक्टर आपल्या जुन्या मार्गावर रुजू झाला. दिवसातून दोनदा त्याची गाडी महाविद्यालयावरून जाई. थांबा नसला तरी फाटकापाशी गाडीचा वेग कमी होई आणि खिडकीतून पुकारा येई, “पोस्टमास्तर कॉलेज! कोणी आहे का?” गाडीतले लोक हसत. कोणी नसे. प्राचार्य फळ्यापासून मान वळवून हात हलवीत आणि मग धड्यात आपण कुठे होतो ते विद्यार्थ्यांना विचारीत.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एकदा गाडी खरोखरच थांबली. पंचेचाळिशीची एक बाई उतरली. हातात कापडी पिशवी, पायांत जाड तळाच्या वहाणा. कपडे धुण्याच्या कारखान्यात वीस वर्षे इस्त्री केलेली. ती पटावरची बारावी नव्हती. त्या वर्षी आलेल्यांत ती चौथी होती. प्राचार्यांनी तिला बाकावर बसवले, ते मोडक्या पायाचे बाक स्वतः एका बाजूने दाबून धरले आणि विचारले, “शहरातल्या कॉलेजात चौकशी केलीत?”

“केली. पदवी मागतात.”

“दुसरीकडे एक-दोन ठिकाणी पदवी मागत नाहीत. तिथे?”

“तिथे गेले होते. तिथले साहेब म्हणाले, एकदा नांगराला हात लावला की मागे बघायचं नाही.” ती थोडी घुटमळली. “मला भीती वाटली. मग बसमधला तो कंडक्टर म्हणाला, पोस्टमास्तरांकडे जा. तिथून परत येता येतं, मी आलोय ना! म्हणून आले.”

प्राचार्य उठले. बाक करकरले. कपाटातून अर्जासाठी ते कागद काढू लागले, तसा स्वयंपाकघराच्या दारातून ताईंचा आवाज आला:

“तो पातळ कागद देऊ नकोस रे तिला. खालच्या खणातला जाड काढ. दरवर्षी हाताळायचाय तो.”